खोटे बोलणारे दगड

सुटीच्या दिवशी नदीकाठी हुंदडून आलेल्या पोराचा खिसा कधी उलटा करून पाहिला आहे का? दोन चिंचोके, दोरीचा तुकडा, आणि चार-दोन दगड हे त्यात असायचेच. त्यांतला एखादा दगड तो तुमच्यापुढे धरतो आणि म्हणतो, "बघा, बेडूक!" आपण पाहतो, तो खरोखरच बेडूक दिसतो. पाठीचा उंचवटा आहे, पुढे तोंडासारखे निमुळते टोक आहे, एक बारीक खळगा अगदी डोळ्याच्या जागी आहे. मग ते पोर पुढचा प्रश्न विचारते, "पण हा आधी खरा बेडूक होता का हो?"

शिक्षकबंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. युरोपातल्या विद्वानांनी ह्याच प्रश्नावर दोनशे-अडीचशे वर्षे वाद घातला आहे, आणि त्या वादात एका चांगल्या शिकलेल्या प्राध्यापकाची जन्माची अब्रू धुळीला मिळता मिळता राहिली आहे. ती हकिगत मला आज सांगावयाची आहे. पण तिच्याकडे जाण्यापूर्वी थोडी वाट आपल्या घरातूनच काढू.

पंचायतनाची पूजा पुष्कळ घरांत असते. तिच्यात पाच दगड असतात. विष्णूचा शाळिग्राम गंडकीतला, शंकराचा बाण नर्मदेतला, गणपतीचा तांबडा पाषाण शोणभद्रातला, देवीची सुवर्णमुखी आणि सूर्याचा स्फटिक. ह्यांपैकी एकालाही नाक-डोळे नाहीत. भक्ताला दगडात देवाचा चेहरा दिसावा लागत नाही, भावना पुरते. पण शाळिग्रामाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या पोटात चक्र असते. काळा गुळगुळीत गोटा, आणि फुटलेल्या जागेतून आत दिसणारी, कोणीतरी कोरून ठेवावी तशी नक्षीदार वळणे. नेपाळात मुक्तिनाथाच्या बाजूला, काळी गंडकीच्या पात्रात हे गोटे सापडतात. भूगर्भशास्त्र सांगते की ती वळणे एका समुद्री प्राण्याच्या शिंपल्याची आहेत. त्या प्राण्याला अमोनाइट म्हणतात. कोकणच्या वाचकांना माकूळ ठाऊक असेल. त्या माकुळाचा हा लांबचा भाऊबंद, फक्त गोगलगाईसारखे गुंडाळलेले घर अंगावर घेऊन हिंडणारा. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी आज जिथे हिमालय आहे तिथे समुद्र होता. त्याच्या तळच्या गाळात ही घरे पुरली गेली, गाळाचा खडक झाला, खडकाचा डोंगर झाला, आणि डोंगर फोडून नदीने ती पुन्हा बाहेर काढली. म्हणजे देव्हाऱ्यातला तो गोटा समुद्राच्या तळापासून हिमालयाच्या खांद्यापर्यंतचा प्रवास करून आलेला आहे. माझ्या मते हे कळल्याने त्याचे महत्त्व वाढतेच.

आता मौज पाहा. हाच प्राणी इंग्लंडात यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, व्हिटबी गावाजवळ, कड्यांतून घसरून पडतो. तिथल्या लोकांना तो वेटोळे घालून बसलेला साप दिसला. सातव्या शतकात तिथे हिल्डा नावाची साध्वी मठाची प्रमुख होती. लोक म्हणू लागले, तिने मठाची जागा मोकळी करण्यासाठी सगळ्या सापांचे दगड केले. मग त्यांना डोकी का नाहीत? तर त्याचेही उत्तर तयार होते: शापाने डोकीही गळून पडली! पण बिनडोक्याचा साप विकायला तितकासा बरा नव्हे. म्हणून तिथल्या दुकानदारांनी दगडाच्या टोकाला कानशीने सापाचे डोके कोरून देण्यास सुरुवात केली, आणि असे डोके असलेले 'सर्पपाषाण' प्रवाशांनी हौसेने विकत नेले. व्हिटबी गावाच्या चिन्हावर आजही तीन साप आहेत. शास्त्रज्ञांनीही त्या साध्वीचा मान राखला. तिथल्या एका जातीच्या अमोनाइटला त्यांनी हिल्डोसेरास असे नाव दिले आहे.

दगड एकच, गंडकीकाठी त्यात चक्र दिसले, व्हिटबीला साप दिसला. चंद्रावर आपल्याला ससा दिसतो, तोही असाच. माणसाचा डोळा रिकामा बसत नाही. त्याला पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरही म्हातारा दिसतो, घोडा दिसतो. म्हणून 'हे कशासारखे दिसते?' ह्या प्रश्नाचे उत्तर दगडापेक्षा पाहणाऱ्याबद्दलच जास्त सांगते. मग दगडाला काय विचारायचे? ह्या जागी एका डेन्मार्कच्या वैद्याची गाठ पडते.

त्याचे नाव निकोलस स्टेनो. इटलीत, टस्कनीच्या राजाच्या पदरी, तो शरीरशास्त्राचा अभ्यास करी. १६६६ सालच्या ऑक्टोबरात लिव्होर्नोजवळच्या कोळ्यांनी एक अवाढव्य शार्क मासा, म्हणजे आपली मुशी, पकडली. राजाने तिचे डोके फ्लॉरेन्सला मागवून स्टेनोकडे फाडून पाहण्यासाठी दिले. तिचे दात पाहताच स्टेनोला एका जुन्या औषधाची आठवण झाली. माल्टा बेटावर आणि इतरत्र जमिनीत जिभेच्या आकाराचे, त्रिकोणी, चकचकीत दगड सापडत. त्यांना 'जिव्हापाषाण' म्हणत. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात लिहून ठेवले होते की चंद्र क्षीण होतो तेव्हा हे आकाशातून पडतात. माल्टाचे लोक म्हणत की संत पॉलने सापांना शाप दिला, त्या सापांच्या ह्या जिभा. विष उतरावे म्हणून लोक ते दगड पेयात बुडवीत, ताईत करून गळ्यात बांधीत.

हे मुशीचे दात आहेत असे म्हणणारा स्टेनो पहिला नव्हे. नेपल्सच्या फाबियो कोलोन्नाने १६१६ सालीच ते सांगितले होते. मग स्टेनोचे मोठेपण कशात? तर तो 'सारखे दिसतात' एवढ्यावर थांबला नाही. त्याने विचारले, हा दात आणि त्याच्या भोवतीचा खडक, ह्यांपैकी आधी घट्ट कोण झाले?

प्रश्न वरवर साधा आहे, पण त्याची धार पाहा. समजा दगड जमिनीत आपोआप वाढला, बटाटा पोसतो तसा. मग भोवतीची जमीन आधीच घट्ट असेल तर तिला तडे जायला हवेत, नाहीतर दगड तरी वेडावाकडा दबायला हवा. पण जिव्हापाषाण जिथे मिळेल तिथे तोच आकार, तीच कड, तेच मूळ. आणि भोवतीच्या मातीवर त्याचा ठसा, ओल्या चिखलात पाय रुतावा तसा. अर्थ उघड आहे. दात आधी घट्ट होता, चिखल नंतर घट्ट झाला. आणि तो चिखल पाण्याखालचा होता, कारण बाजूलाच शिंपले पडलेले आहेत. म्हणजे आज जिथे डोंगर आहे तिथे एके काळी समुद्र होता! हे विवेचन स्टेनोने १६६७ आणि १६६९ साली छापले. पुढे तो शास्त्र सोडून धर्माकडे वळला, बिशप झाला, आणि उरलेले आयुष्य त्याने जवळजवळ फकिरासारखे काढले. पण त्याचा तो एक प्रश्न मागे राहिला. भूगर्भशास्त्राची पुष्कळशी इमारत त्याच्यावर उभी आहे.

आता ती दुर्दैवी हकिगत. जर्मनीत वुर्त्सबुर्ग नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात योहान बेरिंगर हे प्राध्यापक होते, आणि तिथल्या राजा-बिशपचे वैद्यही होते. विद्वान माणूस, पण स्वभावाने थोडे ताठ. त्यांना चित्रविचित्र दगड जमविण्याचा नाद होता. १७२५ सालच्या ३१ मे रोजी आयबेलश्टाट नावाच्या जवळच्या टेकडीवरून पोरांनी त्यांना तीन दगड आणून दिले. एकावर सूर्य आणि त्याचे किरण, बाकीच्यांवर किडे. बेरिंगर हरखून गेले. त्यांनी पोरांना मजुरी लावून दिली आणि दगडांची रास लागली. सहा महिन्यांत सुमारे दोन हजार! सरडे, बेडूक, पक्षी, मासे, जाळ्यात बसलेला कोळी, फुलावर बसलेली मधमाशी. एवढ्यावर भागले नाही. शेंडेनक्षत्रे आली, चंद्रकोरी आल्या, आणि शेवटी हिब्रू, अरबी व लॅटिन लिपींत देवाचे नाव असलेले दगडही आले.

तुम्ही म्हणाल, एवढे झाल्यावर शंका यायला नको का? आली. पण बेरिंगरांच्या मनातली शंका कशी वळली ते पाहण्यासारखे आहे. १७२६ साली त्यांनी लॅटिनमध्ये ह्या दगडांवर ग्रंथ छापला, एकवीस चित्रपटांसह. त्यात त्यांनी आपल्याच हाताने लिहिले आहे की ह्या आकृतींवर चाकूच्या घावांसारख्या खुणा दिसतात, कोणा कुशल कारागिरानेच कोराव्यात तशा. त्यांनी हेही टिपले आहे की प्रत्येक आकृती आपल्या दगडावर बरोब्बर मावते. कुठे सरड्याचे शेपूट दगडाच्या कडेला तुटलेले नाही, कुठे अर्धाच पक्षी नाही. आता, जमिनीत पुरलेला प्राणी खडक फुटताना असा सोयीने कसा वाचेल? दोन हजार दगडांत एकदाही? डोळ्यांना सगळे दिसले होते, कागदावर उतरले होते, फक्त त्याचा अर्थ लावला गेला नाही. ग्रंथ छापण्यापूर्वी काही लोकांनी त्यांना सांगितलेही की हे दगड बनावट आहेत, कोरून दाखविलेसुद्धा. पण बेरिंगरांना वाटले, आपला शोध हाणून पाडण्याचा हा मत्सरी लोकांचा डाव आहे. त्या टीकेचे खंडन करण्यासाठी त्यांनी ग्रंथात एक प्रकरणच खर्ची घातले.

त्यांना वेडे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. त्या काळी दगडातल्या आकृतींबद्दल एकमत नव्हते. कोणी म्हणत, निसर्गात एक घडविणारी शक्ती आहे, ती खेळ म्हणून दगडातही प्राणी घडविते. कोणी म्हणत, हे नोहाच्या महाप्रलयात बुडालेले जीव आहेत. निसर्ग खेळतो असे एकदा मानले, की मग सूर्य काय, कोळ्याचे जाळे काय आणि देवाचे नाव काय, सगळेच शक्य होते. बेरिंगरांनी तर अखेरचा निकाल विद्वानांवरच सोपविला होता. त्यांचे चुकले ते एकाच ठिकाणी. स्टेनोचा प्रश्न छापून सत्तावन्न वर्षे झाली होती, तो त्यांनी आपल्या दगडांना विचारला नाही. विचारला असता तर उत्तर मिळाले असते की इथे खडक आधी घट्ट झाला, आकृती मागाहून आली, आणि ती यायला चाकूखेरीज दुसरी वाट नव्हती.

खोटेपण उघडकीस आले तेव्हा बेरिंगरांनीच चौकशीची मागणी केली. एप्रिल १७२६ मध्ये पोरांच्या जबान्या झाल्या आणि त्यांतून दोन बड्या माणसांची नावे निघाली. एक रोडरिक, त्याच विद्यापीठातला भूगोल व बीजगणिताचा प्राध्यापक. दुसरा योहान फोन एकहार्ट, दरबाराचा व विद्यापीठाचा ग्रंथपाल. बेरिंगर फार गर्विष्ठ आहे, त्याची खोड मोडावी, एवढाच त्यांचा उद्देश. रोडरिक स्वतः दगड कोरी, त्सेंगर नावाचा पोरगा ते घासून साफ करी. एकहार्ट हा नावाजलेला इतिहासकार होता, लायब्निट्झसारख्या थोर तत्त्ववेत्त्याचा मदतनीस राहिलेला. माझ्या विषयातल्या माणसाने हे करावे ह्याचे मला वाईट वाटते. रोडरिकला गाव सोडावे लागले. एकहार्ट १७३० साली वारला.

ह्यानंतर एक दंतकथा पसरली, आणि ती पुष्कळ पुस्तकांतून आजही भेटते. ती अशी: शेवटी बेरिंगरांना स्वतःचेच नाव कोरलेला दगड मिळाला, त्यांचे डोळे उघडले, त्यांनी ग्रंथाच्या सगळ्या प्रती विकत घेऊन जाळल्या, त्यात घरदार गेले आणि ते झुरून मेले. गोष्ट रंगतदार आहे खरी, पण तिला आधार नाही. चौकशीची मूळ कागदपत्रे १९३५ च्या सुमारास प्रसिद्ध झाली, त्यांत ह्यातले काही नाही. बेरिंगर त्यानंतर दहा वर्षांहून अधिक जगले, शिकवीत राहिले, त्यांनी आणखी ग्रंथ लिहिले. बनावट दगडांसारख्या बनावट गोष्टीही असतात. त्याही ऐकणाऱ्याच्या मापाने कोरलेल्या असतात, आणि त्यांचेही शेपूट कुठे तुटत नाही! ते दगड मात्र टिकले. जर्मनीत आणि बाहेरच्या काही संग्रहालयांत ते आजही ठेवलेले आहेत. जर्मन लोक त्यांना 'खोटे बोलणारे दगड' म्हणतात. दगड बिचारा काय खोटे बोलणार!

आता आपल्या मातीकडे येऊ. कारण महाराष्ट्राच्या बहुतेक भागात तुम्हांला जे दगड मिळतील ते गंडकीचे किंवा माल्टाचे नव्हेत. आपला काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरांवर थर ओतला गेला. त्या तापलेल्या रसात प्राण्याचा आकार टिकण्याची आशा नको. म्हणून घाटावरच्या काळ्या दगडात साप, बेडूक, मासा दिसला तर तो बहुधा चंद्रावरच्या सशाचाच भाऊ समजावा.

पण ह्या कातळात दुसरी दौलत आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. मग युगानुयुगे त्यांतून खनिजे विरघळलेले पाणी झिरपले आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक धरले. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात, तो पांढऱ्या ठिपक्यांचा दगड आठवा. ते ठिपके म्हणजे अशाच भरलेल्या पोकळ्या. पोकळी मोठी असेल तर आत जे दिसते त्याने माणूस थक्क होतो. स्टिल्बाइट नावाच्या खनिजाचा झुपका मधे आवळून बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा असतो. ओकेनाइटचे पांढरे लोकरी गोळे सशाच्या शेपटासारखे. स्कोलेसाइटच्या सुया साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली पुरा झाला; तो खोदताना निघालेले असे नमुने पार विलायतेच्या संग्रहालयांत गेले. आज पुणे, नाशिक, जळगाव ह्या भागांतल्या खाणींचे स्फटिक जगभर जातात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते मुलांना दाखविता येतात.

इथे स्टेनोचा प्रश्न लावून पाहा. खडक आधी घट्ट, स्फटिक मागाहून. पोकळीत मोकळी जागा मिळाली म्हणून त्याला आपल्या स्वभावाप्रमाणे वाढता आले. पाती एकमेकींना चिकटून वाढताना जराजरा फाकत जातात, आणि पेंढी तयार होते. तिथे ना प्राणी होता, ना चाकू.

आणखी एक दगड पोरांना फार फसवितो. नद्यांच्या वाळूत अकीक सापडतो. कधी त्याच्या दुधी अंगात हिरवे शेवाळ किंवा काळ्या नेच्याची फांदी गोठल्यासारखी दिसते. तशीच काळी झुडपे चुनखडीच्या चिरेत किंवा फरशीवरही दिसतात. ही वनस्पती नव्हे. मँगनीज किंवा लोहाचे क्षार पाण्याबरोबर बारीक फटीतून शिरले आणि फाटे फुटत पसरले. शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. काचेचे दोन सपाट तुकडे घ्या, मधे ओल्या जाड रंगाचा ठिपका ठेवून दाबा, आणि सरळ वर उचलून अलग करा. दोन्ही काचांवर झुडूप उमटलेले असेल. फटीतले क्षार अगदी ह्याच रीतीने पसरतात असे नव्हे, पण आत वनस्पती नसताना झाडाचा आकार उमटू शकतो, एवढे मुलांना डोळ्यांनी दिसते. आणि मुलांनी दगड आणला तर त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवायला शिकवा: कोणत्या गावच्या शिवारात, विहिरीत की ओढ्यात, किती खोल, भोवती माती होती की कातळ. चिठ्ठीवाचून दगड मुका होतो.

मात्र आपल्याकडे खरे अवशेष नाहीतच असेही नाही. दोन लाव्हांच्या थरांमधला काळ शांततेचा असे. तेव्हा तळी साचत, झाडे उगवत. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप ह्या पाद्र्यांनी १८५० नंतरच्या दशकात अशाच थरांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि बिया वेचल्या. आणि चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथले थर आपल्या कातळाच्या थोडे आधीचे, डायनासोरांच्या काळचे. त्या गावच्या शेतांत जमिनीवर ठिकठिकाणी गोल-लांबट, करड्या रंगाचे दगड पडलेले असतात. कोणीही पाहून म्हणेल, हे वाळलेल्या शेणाचे पो!

ह्या वेळी डोळा चुकलेला नव्हता, ते शेणच आहे. पण ते आकारावरून ठरले नाही. शास्त्रज्ञांनी ते दगड फोडून, विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा आत चघळलेल्या वनस्पतींचे कण निघाले. त्यांत गवताच्या पानात असतात तसे गारेचे अतिसूक्ष्म कण होते, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. गवत डायनासोरांच्या काळानंतर आले असे तोवर धरून चालत. पिसदुऱ्याच्या शेणाने ते खोटे ठरविले. पुढे २०११ साली त्याच दगडांत भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही ओळखल्या गेल्या.